चिकटलेलं पान

आम्ही गाव सोडलं त्या दिवशी एस.टी. वीस मिनिटं उशिरा सुटली, आणि त्याला जबाबदार माझे सासरे. आमच्या भंडाऱ्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. तर मामाजींनी आमची ट्रंक डिकीत ठेवू दिली, तांदळाचं पोतं चढवू दिलं, आणि मग बसच्या दारातच उभे राहून कंडक्टरला म्हणाले, "थांबा जी साहेब. माही नात कशी वाचते ते आयकून जा." आणि माझ्या सात वर्षांच्या आरोहीच्या हातात पहिलीचं पुस्तक दिलं.

पोरगी पायरीवर उभी राहून वाचायला लागली. ओळीखाली बोट फिरवत, खणखणीत आवाजात, थांबायच्या जागी थांबून, हसायच्या जागी हसून. कंडक्टरनं तिकिटाचं मशीन मांडीवर ठेवलं. मागच्या सीटवरच्या बाया पुढे सरकल्या. वाचून झालं तेव्हा अख्ख्या बसनं टाळ्या वाजवल्या, आणि मी अशी फुगले की काही विचारू नका.

मामाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मंडईले येशील तवा मले नव्या नाटकाची नक्कल वाचून देजो आरू. नाही वाचता आली, तं समजीन का पुण्याची शाळा कामाची नाही. मंग इथीच राहशील माह्याजवळ." सगळे हसले. माझा नवराही "हो बाबा, मंजूर" म्हणाला. मी पण मान हलवली. अख्खं पुस्तक धाडधाड वाचणाऱ्या पोरीच्या आईला कसली काळजी?

आमच्या झाडीपट्टीतली मंडई म्हणजे पुणेकरांची भाजीची मंडई नव्हे. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी जत्रा भरते, तिला मंडई म्हणतात, आणि तिच्यात नाटक होतंच होतं. मामाजी त्या नाटकांतले जुने नट. राजा, पाटील, प्रधान, काय काय केलं त्यांनी. आणि अक्षर एक येत नाही. खोटं नाही सांगत, अंगठाबहाद्दर माणूस. नटाच्या वाटचे संवाद, म्हणजे नक्कल, त्यांना गोविंदा मास्तर वाचून दाखवायचे. मास्तरांनी दोनदा वाचलं की मामाजींचं पाठ. मास्तर तीन वर्षांपूर्वी मुलाकडे नागपूरला राहायला गेले, आणि मामाजींनी नाटकात उभं राहणं सोडलं. दुसऱ्या कोणी वाचून देतो म्हटलं तर म्हणायचे, "त्याच्या वाचण्यात जीव नाही." आता ते काम त्यांनी नातीला दिलं होतं.

माझ्या नवऱ्याला पुण्याजवळ मांजरी गावात एका मोठ्या सोसायटीत इलेक्ट्रिशियनचं काम मिळालं होतं. आम्ही तिथूनच जवळ एक खोली घेतली. खिडकीच्या एका बाजूला ऊस आणि दुसऱ्या बाजूला बावीस मजली टॉवर. मी घरात फॉल-पिकोचं मशीन टाकलं. पहिल्या आठवड्यात एक बाई साडी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आपण सोमवारी द्याल का?" मला आयुष्यात कोणी 'आपण' म्हटलं नव्हतं. मी मागे वळून पाहिलं, दुसरं कोणी उभं आहे का म्हणून.

आता शाळा. दुसरीचा वर्ग, आणि वर्गावर शेख बाई. पिढ्यान् पिढ्या पुण्यात, पेठेतल्या. पांढरी कॉटनची साडी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, आणि मराठी अशी की सुरीनं कापल्यासारखी. ळ म्हणजे ळ, ण म्हणजे ण. त्यांच्यापुढे माझी जीभच लुळी पडायची. पण शाळा सुरू होऊन आठवडा झाल्यावर भेटायला गेले, त्या दिवशी मी जोरात होते. म्हटलं, "बाई, आरोहीला सगळं वाचता येतं. अख्खं पुस्तक."

"अरे वा," बाई म्हणाल्या. "वाच बरं, बाळ."

आरोहीनं वाचलं. तेच बोट, तोच आवाज, तेच हसणं. बाई तिच्या शेजारी वाकून पुस्तकात बघत होत्या. सगळं ऐकून घेतलं, चष्मा सारखा केला आणि मला म्हणाल्या, "अहो आरोहीच्या आई, कमाल आहे. आपली मुलगी चिकटलेलं पानसुद्धा वाचते."

मी म्हटलं, "थँक्यू बाई."

घरी येईस्तोवर रस्त्यात भेटेल त्याला सांगितलं. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, बाईंनी कमाल म्हटलं. तो डबा धूत होता. म्हणाला, "चिकटलेलं पान म्हणजे?" मी म्हटलं, म्हणजे काय, कौतुक केलं. तो म्हणाला, "अगं पण चिकटलेलं पान कोणी वाचेल कसं?"

मी दप्तरातून पुस्तक काढलं. मामाजींना वस्तू जपायची फार सवय. पुस्तकाचं पान जरा फाटलं की ते कणकेची खळ करून चिकटवायचे. त्यांच्या त्या डागडुजीत मधली दोन पानं एकमेकांना पक्की चिकटली होती. आत काय छापलंय ते देवालाही दिसलं नसतं. आणि माझ्या लेकीनं ती दोन्ही पानं, एक शब्द न गाळता, बोट फिरवत वाचली होती.

मग आरोहीला जवळ घेतलं, साडीच्या घडीतल्या पुठ्ठ्यावर एक साधा शब्द लिहिला, 'कमळ', आणि विचारलं, हे काय? तिनं पुठ्ठ्याकडे पाहिलं नाही. माझ्या ओठांकडे पाहिलं.

तेव्हा सगळा उलगडा झाला. गावात रोज संध्याकाळी आजा-नात ओसरीवर पुस्तक घेऊन बसायचे. आरोही आजाला आबाजी म्हणते. आम्ही म्हणायचो, आबाजी नातीचा अभ्यास घेतात. अभ्यास कुठला! शाळेत वर्ग मोठ्यानं धडा म्हणायचा, तो मामाजी कुंपणापाशी बसून ऐकायचे, आणि घरी पोरीला नक्कल पाठ करून द्यायचे. कुठं थांबायचं, कुठं हसायचं, कधी पान उलटायचं. त्यांना वाटायचं, वाचणं म्हणतात ते हेच. त्यांनी जन्मभर हेच केलं होतं. आणि मी सातवी पास बाई, मला वर्षभर कळलं नाही. मला कळलं नाही याची लाज मला आजही आहे, ती इथंच सांगून टाकते.

लाज वाटली की मला राग येतो. दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला मी शाळेत. म्हटलं, "बाई, पोरीला वाचता येत नाही हे तोंडावर सांगायचं होतं!"

"सांगितलं की," बाई म्हणाल्या. "आपण थँक्यू म्हणालात."

मला हसू यायला लागलं आणि त्याच वेळी रडूही. मी तिथंच पोरांच्या बुटक्या बाकावर बसले आणि सगळं सांगितलं. मामाजी, नक्कल, मंडई, आणि ती अट. गावाला जे गमतीत मंजूर केलं होतं, ती आता गंमत राहिली नव्हती. मामाजी बोललेले शब्द मागे घेणाऱ्यातले नव्हेत. आणि खरं सांगू? खोली लहान, दिवसभर आम्ही दोघं कामात, वर्गात पोरगी गप्प. 'मले' म्हटलं की पोरं हसतात म्हणून तिनं बोलणंच टाकलं होतं. नवराही एकदा म्हणून गेला होता, "राहू दे का गावालाच वर्षभर?" मी पोरीशिवाय पुण्यात एक दिवस राहणार नव्हते. आणि पुणं सोडूनही जाणार नव्हते.

बाईंनी सगळं ऐकलं. मला वाटलं, आता मामाजींना नावं ठेवतील. त्या म्हणाल्या, "अख्खं पुस्तक कानानं शिकवणारा माणूस साधा नव्हे. ऐकणं पक्कं आहे पोरीचं, आवाज आहे, अर्थ कळतो. फक्त डोळे कामाला लावायचे राहिलेत. दिवाळीला अजून वेळ आहे. पण आपल्याला एक जमेल का, तेवढं सांगा."

"काय?"

"गप्प बसणं."

बाईंची पद्धत अशी होती. रोज सकाळी प्रत्येक मूल बाईंकडून एक शब्द मागून घ्यायचं. मूल मागेल तोच शब्द. बाई तो पुठ्ठ्याच्या कार्डावर लिहून द्यायच्या, आणि ते कार्ड त्या मुलाचं. वर्गात बंजारा पोरं होती, उर्दू बोलणाऱ्या घरांतली होती, उसाच्या वस्तीवरची होती. कोणी 'हेलिकॉप्टर' मागे, कोणी 'खाला' म्हणजे मावशी, कोणी 'मॅगी'. आरोहीनं नऊ दिवस काही मागितलं नाही. बाईंनीही विचारलं नाही. दहाव्या दिवशी तिनं बाईंचा पदर ओढला आणि म्हणाली, "मले आबाजी पाहिजे." कोणी तरी फिसकन हसलं. बाई त्या पोराकडे न बघता म्हणाल्या, "हसून झालं की तूही एक शब्द माग." आणि लिहून दिलं, 'आबाजी'.

ते कार्ड ती उशाखाली घेऊन झोपायची. मग आला 'तलाव'. मग 'मोहफूल'. मग 'खळ', कारण पुस्तकाची गोष्ट तिलाही कळली होती. कार्डं वाढली तशी बाईंनी मला घरचं काम दिलं. पोरगी बोलेल ते वाक्य ती बोलेल तसंच लिहायचं, कापून शब्द सुटे करायचे, पिसायचे आणि तिला लावायला द्यायचे. माझ्याकडे साड्यांचे पुठ्ठे ढिगानं. पत्त्यांसारखा डाव मांडायचो आम्ही. 'आबाजी तलावावर जाते.' 'मले मोहफूल आवडते.'

पण माझं काय व्हायचं, ती अडखळली की माझ्या तोंडातून शब्द निघालाच. आमच्या भागात ही सवय रक्तातच. नाटकात प्रॉम्प्टर असतो, आणि प्रेक्षकांत बसलेला अर्धा गावही प्रॉम्प्टरच असतो. नट जरा थबकला की चार कोपऱ्यांतून संवाद येतो. पोरगी 'मो' म्हणाली की मी 'मोहफूल' म्हणून मोकळी. ती माझे ओठ बघायची आणि डोळे पुठ्ठ्यावरून उचलायची. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मग पाठ करून बसा. सासरेबुवा पाठ करतात, तुम्ही पाठ करा." आणि मी खरंच तिच्याकडे पाठ करून भिंतीला तोंड लावून लसूण सोलत बसायला लागले. सांगते तुम्हाला, बाळंतपण सोपं. मागून पोरीचा आवाज यायचा, "त... ला... त..." आणि मी जीभ दातांखाली धरून लसणाच्या पाकळीवर नखं मारायचे. त्या चार महिन्यांत आमच्याकडे भाजीत लसूण जरा जास्तच पडला.

ऑक्टोबरात एका रविवारी बाईंनी आम्हाला घरी बोलावलं, गोष्टींची जुनी पुस्तकं देते म्हणून. बसमधून उतरून शनिवार पेठेतल्या एका बोळातनं चाललो होतो. आरोही मागे राहिली. वळून बघते तर एका लोखंडी फाटकासमोर ती उभी, मान वर करून. फाटकावर पाटी होती. मी परत आले आणि तिच्या मागे उभी राहिले. भिंत नव्हती, लसूण नव्हता. पदराचा बोळा तोंडात धरला.

"ये... थे... वि... ना... का... र... ण. विनाकारण." मोठा श्वास. "उभे रा... हू न... ये. उभे राहू नये." मग खालची ओळ. "कारण अ... सल्... यास..."

तेवढ्यात वरच्या खिडकीतून एक आजोबा डोकावले. बनियन, हातात पेपर. "काय हो, वाचता येत नाही का?"

"येते," आरोही म्हणाली. "पण अजून एक ओळ बाकी हाये."

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्या तोंडातल्या पदराकडे पाहिलं. "असं होय. मग सावकाश वाचा. पाटी कुठे पळून जात नाही." आणि खरोखर खिडकीत थांबून राहिले, ती ओळ संपेपर्यंत. 'कारण असल्यास बेल एकदाच वाजवावी.'

ही पाटी तिला कोणी पाठ करून दिली नव्हती. जगात कोणी दिली नव्हती. मी त्या बोळात, विनाकारण उभं राहू नये अशा जागी उभी राहून, ढसाढसा रडले. आजोबा म्हणाले, "रडण्याबद्दल पाटीत काही लिहिलेलं नाही," आणि खिडकी लावून घेतली.

दिवाळीला आम्ही गावी गेलो. मामाजींनी यंदा काम घेतलं होतं, फितूर झालेल्या प्रधानाला पकडणाऱ्या म्हाताऱ्या राजाचं. तीन वर्षांनी ते पुन्हा उभे राहणार, ही बातमी आमच्या आधीच गावभर झाली होती. दुपारी अंगणात सतरंजी अंथरली. शेजारपाजार जमला. बसमध्ये टाळ्या वाजवणारे त्यातले बरेच होते. मामाजींनी नक्कल आणली. नाटक आमच्या गावाला नवं, पण वही जुनी, हातानं लिहिलेली, दुसऱ्या गावांच्या किती मंडयांतून फिरलेली, आणि आल्या आल्या मामाजींच्या खळीनं ठिकठिकाणी सांधलेली. छापील अक्षर वेगळं आणि हे कोणाचं तरी गिचमिड अक्षर वेगळं. मी उठले आणि सगळ्यांकडे पाठ करून ओसरीच्या खांबाला धरून उभी राहिले. सासूबाई म्हणाल्या, "काहून वं, घेरी येते का?" मी नुसतं डोकं हलवलं.

आरोही वाचायला लागली. हळू वाचत होती. बसमध्ये वाचलं होतं त्याच्या अर्ध्या वेगानं, आणि ती ऐट तर नव्हतीच. कोणी तरी कुजबुजलं, "पहिले तं धाडधाड वाचे. पुण्याले जाऊन बिघडली का?" माझे कान तापले. ती वाचत राहिली. "प्रधानजी, तुम्ही... वि..." आणि थांबली. मामाजींना तो शब्द सांगता येत नव्हता. मला येत नव्हता, कारण वही मी पाहिलीच नव्हती. चार कोपऱ्यांतून कोणी काही पुरवू शकत नव्हतं. त्या अंगणात त्या घडीला तो शब्द फक्त एका सात वर्षांच्या पोरीसमोर होता.

"वि... श्वा... स... घा... विश्वासघा... त... की. विश्वासघातकी! प्रधानजी, तुम्ही विश्वासघातकी आहात!"

आणि मामाजींचा तो आवाज उठला, तीन वर्षं कपाटात ठेवलेला. "प्रधानजीऽऽ! तुम्ही विश्वासघातकी आहात!" शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. माझी पाठ आता मला धरवेना, मी वळले.

ती वाचत होती, ते मागून म्हणत होते. एक पान, दोन पानं. तिसऱ्यावर ती मधेच थांबली आणि वही डोळ्यांजवळ नेली.

"काय झालं वं?" मामाजी म्हणाले. "आठवत नाही का?"

"थांबा आबाजी," ती म्हणाली. "पानं चिकटली. पुढचं दिसत नाही."

तिनं नखानं कोपरा उचलला, फुंकर मारली, आणि हळूहळू ती दोन पानं सोडवली. मग बोट ठेवून वाचायला लागली. अंगणातल्या कोणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. मी आणि माझा नवरा मात्र एकमेकांकडे बघून वेड्यासारखे हसत होतो आणि डोळे पुसत होतो. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता शेख बाईंना फोन लावावा. नंतर लावलाच. त्या म्हणाल्या, "म्हणजे आता चिकटलेलं पान तिला वाचता येत नाही. छान. प्रगती आहे." या वेळी मला कळलं, आणि मी दोनदा थँक्यू म्हटलं.

नक्कल संपल्यावर मामाजींनी वही मिटून मांडीवर घेतली. मग आरोहीला म्हणाले, "आरू, म्या तुले पुस्तक शिकवलं, तवा मले वाचता येत नव्हतं, हे तुले ठाव होतं?"

"हो," ती म्हणाली. "पण मलेबी येत नव्हतं नं."

मामाजी असे हसले की पोटाला हात लावावा लागला. आणि मग सगळ्यांदेखत म्हणाले, "जा बापा घेऊन पोरीले पुण्याले. पण मंडईले आणत जा." नाटकात त्या रात्री राजानं प्रधानाला असं काही पकडलं की लोकांनी तो प्रवेश पुन्हा करायला लावला.

तुम्ही जे गावी राहिलात त्यांना, आणि माझ्यासारखं ट्रंक उचलून जे निघाले त्यांना, एवढंच सांगायचं होतं. मला आधी वाटायचं की घर गावाला आहे आणि पुण्यात आपण खोलीवर राहतो. मी फोनवर 'खोलीवर पोहोचले' असंच म्हणायचे. परवा मशीनवर बसले होते, तर आरोही बाहेरच्या दारावर काही तरी चिकटवत होती. साडीचा पुठ्ठा, आणि कणकेची खळ, आजाकडून शिकलेली. बाहेर जाऊन पाहिलं. मोठ्या अक्षरांत पाटी होती:

'हे आरोहीचं घर हाये. विनाकारण यावे. आबाजीने बेल वाजवू नये, सरळ आत यावे.'

आता मी फोनवर 'घरी पोहोचले' म्हणते. मामाजी पुढच्या महिन्यात पहिल्यांदा पुण्याला येतायत. मी आरोहीला म्हटलं, अगं, पाटी झकास आहे, पण त्यांना ती वाचता कुठं येणार?

"मी शिकवीन नं," ती म्हणाली. "तू फक्त मधात बोलू नोको. भिंतीकडे तोंड करून बस."